सातवा हिरा

माझ्या लग्नातल्या कुडीच्या सात हिऱ्यांपैकी एक पडला होता. नवा बसवायला सूनबाई मला सराफाकडे घेऊन आली आणि दुकानातला सगळ्यात शुभ्र हिरा तिने निवडला.

सराफाने तो पांढऱ्या कागदावर कुडीशेजारी ठेवला. माझे सहा हिरे एकदम पिवळट, म्हातारे दिसायला लागले.

"राहू दे गं," मी चिडून म्हटलं. "मोडीत घाल ही कुडी."

तिने नवा हिरा बाजूला सारला. "यांच्यासारखा पिवळसर दाखवा."

"ताई, तो कमी प्रतीचा असतो."

"असू दे. सहा जणांना मान खाली घालायला लावणारा घरात आणून काय करू?"

मी दुसऱ्या कानातलीही कुडी काढून सराफापुढे ठेवली. "दोन्हींच्या दांड्या बारीक करा. हिच्या कानाला बसतील अशा."