बाकाखालची परीक्षा

मुले चौथ्या प्रश्नापाशी पोहोचली असतील-नसतील, तोच कोयनेच्या खोऱ्यातील त्या शाळेची जमीन हलली.

भिंतीवरील नकाशा खिळ्यावर डोलू लागला. खिडकीची तावदाने थरथरली. पाचवीच्या वर्गातील अकरा मुले मान खाली घालून परिसर अभ्यासाची चाचणी लिहीत होती आणि चौथा प्रश्न असा होता : भूकंपाचा धक्का बसल्यास तुम्ही वर्गात काय कराल?

एकाही मुलाने लेखणी थांबविली नाही.

"तीनचा असंल," शिवतेज कागदावरची दृष्टी न हलविता पुटपुटला.

"ह्यॅ. अडीच," मागच्या बाकावरून उत्तर आले.

"बोलायचं काम न्हाई. पेपर चालू हाय," नानासो गुरुजी खुर्चीतूनच म्हणाले.

काही क्षणांत भूमी स्थिर झाली.

नानासो गुरुजी मूळचे इस्लामपूरकडील सपाट मुलखाचे. नऊ वर्षांपूर्वी या गावी रुजू झाल्यावर पहिलाच धक्का बसला, तेव्हा ते अनवाणी पायांनी मैदानात धावले होते. त्यानंतर महिनाभर चावडीवर त्यांच्या धावण्याच्या नकला होत होत्या. तेव्हापासून जमीन हलली तरी गुरुजी हलत नसत.

मधल्या सुट्टीत ते पेपर तपासावयास बसले. चौथ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांचे अचूक होते. बाकाखाली जावे, डोके हातांनी झाकावे, धक्का थांबल्यावर रांगेने मैदानात जावे. लाल पेन पाच पेपरांवरून सरसर फिरले आणि सहाव्यावर आपोआप थांबले. त्यांनी मूल्यमापनाची नोंदवही उघडली. तोंडी परीक्षेत सर्वांना पैकीच्या पैकी गुण होते. प्रात्यक्षिकातही तेच. बाकाखाली जाण्याचे ते प्रात्यक्षिक जुलै महिन्यात, आदल्या दिवशी सूचना देऊन, छायाचित्रांसह पार पडले होते.

सुट्टी संपल्यावर त्यांनी वर्गास विचारले, "सकाळी जमीन हलली, तवा बाकाखाली कोण गेलं?"

एकही हात वर झाला नाही.

"ठावं नव्हतं व्हय?"

"ठावं व्हतं की," पहिल्या बाकावरील माया म्हणाली.

"मग?"

"तुमी बसूनच व्हता, गुरुजी."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. आज मंगळवार आहे असे कोणी सांगावे, तसे तिने सांगितले.

गुरुजींनी नोंदवही पुढे ओढली. गुण शिसपेन्सिलीने लिहिलेले होते. त्यांनी प्रात्यक्षिकाचा संपूर्ण रकाना खोडून कोरा केला. त्यानंतर लागोपाठ घंटा वाजली की भूकंप झाला असे समजावे, एवढे त्यांनी वर्गास सांगितले, आणि शाळा सुटल्यावर मायाला एकटीला ओसरीवर थांबवून घेतले.

"या आठवड्यात एकदा ही घंटा बडवायची. कवा, ते कुणाला सांगायचं न्हाई."

"तुमालाबी न्हाई?"

"मला तर न्हाईच."

"तुमी शिकवत असला तर?"

"तरी बडवायची."

"रागं भरणार न्हाई न्हवं?"

"न्हाई गं. माझीबी परीक्षाच हाय ती."

बुधवार गेला, गुरुवार गेला. गुरुजी भागाकार शिकवीत, परंतु त्यांचा एक कान सदैव ओसरीकडे असे.

शुक्रवारी केंद्रप्रमुख साहेब आले. परिसरातील बारा शाळांची तपासणी त्यांच्याकडे होती. त्यांचा शर्ट कडक इस्त्रीचा आणि बूट आरशासारखे होते. नोंदवहीची पाने उलटता उलटता त्यांचे बोट कोऱ्या रकान्यावर येऊन थांबले.

"गुरुजी, हे काय? गुण आज रात्रीपर्यंत ऑनलाइन भरायचेत."

"परीक्षा अजून व्हायची हाय, साहेब."

"जुलैत झाली की. फोटो पाठवले होते तुम्ही. एवढ्या वर्षांत तुमच्या नावावर एक नोटीस नाही, आता कशाला घेता?" साहेबांनी स्वतःचे पेन उघडून पुढे केले. "घ्या, भरून टाका."

गुरुजींनी पेन हाती घेतले.

"गुरुजी, पाणी पिऊन येऊ का?" मायाने विचारले. त्यांनी नकळत मान हलविली.

आणि घंटा वाजू लागली. एक टोल नव्हे, दोन नव्हे; लागोपाठ, थांबा न घेता.

सात मुले तत्काळ बाकांखाली गेली. कोणाचे डोके फळीवर आपटले. उरलेली तीन मात्र बसून राहिली. ती घंटेकडे पाहत नव्हती, खिडकीकडेही पाहत नव्हती. ती गुरुजींकडे पाहत होती.

गुरुजी साहेबांसमोर हाती पेन घेऊन उभे होते. त्यांचे कान तापले. नऊ वर्षांपूर्वीचे चावडीवरचे हसणे त्यांना स्पष्ट ऐकू आले. त्यांनी पेन नोंदवहीवर ठेवले, धोतराचा सोगा आवरला आणि गुडघे टेकून ते टेबलाखाली शिरले. दोन्ही हात डोक्यावर ठेवून त्यांनी मुलांकडे पाहिले.

ती तीन मुले खाली सरकली.

आता वर्गात वर बसलेली व्यक्ती एकच होती.

"सायब," बाकाखालून शिवतेजचा आवाज आला, "तुमीबी या की खाली. गुरुजींच्या शेजारी जागा हाय."

कोणीही हसले नाही. बाहेर माया थांबावयास तयार नव्हती. टेबलाखालून गुरुजींना साहेबांचे ते चकचकीत बूट तेवढे दिसत होते. बराच वेळ ते जागचे हलले नाहीत. मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला, आणि त्या बुटांशेजारी फरशीवर एक हात टेकला, त्यापाठोपाठ दुसरा.