एक भरलेली रायफल

ओडवार पाहुण्यांना गरम पाणी वाटत होता आणि त्याची पाठ मारितकडे होती. म्हणजे तिच्याकडे फार तर एक मिनिट.

तिने त्याच्या स्नोमोबाइलवरच्या, म्हणजे बर्फावरच्या गाडीवरच्या, लांब पिशवीतून रायफल अर्धी बाहेर ओढली, खालचं झाकण उघडलं, चार काडतुसं हातात घेतली आणि झाकण बंद केलं. रायफल परत पिशवीत. बोटं इतकी गारठली होती, की चेन दोनदा अडकली.

"पोरी, तुझं जेवण गार होतंय," ओडवार मागे न बघताच म्हणाला.

"आले, म्हाताऱ्या."

तिला चोरीबिरी करायची नव्हती. गेल्या शरद ऋतूत त्यांच्या तळावर पांढऱ्या अस्वलाची एक मादी आली होती आणि दोघांनी मिळून ती मारली होती. पहिली गोळी मारितची, दुसरी ओडवारची. चौकशी तीन महिने चालली. शेवटी त्यांच्या सहल कंपनीच्या मालकीणबाईंनी दोघा वाटाड्यांना समोर बसवून सांगितलं, की आता पुन्हा ज्याच्या हातून अस्वल मरेल, तो माझ्याकडे कामाला नसेल.

ओडवारच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. इथे उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर काम नाही तर घर नाही, बोट पकडून दक्षिणेला जायचं. आणि त्याचे हात हल्ली थरथरायचे. मागच्या आठवड्यात तर साध्या रेनडियरला बघून त्याने रायफल खांद्याला लावली होती. मारितने मनाशी ठरवलं, त्याची रिकामी असू दे. माझी भरलेली आहे ना, एक पुरे. मी उगाच चाप ओढणार नाही.

हंगामाचा सातवा आठवडा होता. एप्रिल महिना, अंधार पडायचं नाव नाही. काल मुक्कामाच्या झोपडीत ती रात्रभर टक्क जागी होती आणि पहाटे कुठे डोळा लागला. ओडवारने हाक मारली तोवर त्याने सगळं सामान बांधून गाड्यांवर चढवलं होतं, तिचंसुद्धा, रायफलीसकट.

"आज तू रांगेत मागे राहा," तो तेव्हा म्हणाला होता. "तुझी झोप होत नाही."

"आणि तुझी होते?"

"माझं वय झालंय. मला शोभतं."

पाहुणे पाच. तीन दिवसांत त्यांना एक सील आणि भरपूर वारा दिसला होता. हाउगेन नावाच्या निवृत्त शिक्षिका पावावर तपकिरी चीज ठेवत म्हणाल्या, "आमच्या शेजारणीला पहिल्याच दिवशी दोन अस्वलं दिसली. आता वर्षभर ऐकवेल मला."

"तिला सांगा, तुम्हाला चार दिसली," ओडवार म्हणाला. "ती कुठे मोजायला येणार आहे?"

बाई हसल्या आणि हसता हसता थांबल्या. "तिकडे ते पिवळट काय आहे?"

हिमनदीच्या तोंडाशी बर्फाचे मोठे तुकडे अडकले होते. त्यातला एक चालत होता.

"सगळे गाडीवर बसा," मारित हळूच म्हणाली. "इंजिन चालू करा. फोटो नंतर."

चार गाड्या चालू झाल्या. हाउगेनबाईंची होईना. ओडवारने इंजिनाची दोरी दोनदा ओढली, तिसऱ्यांदा ओढली. अस्वल सरळ त्यांच्याकडे येत होतं, पळत नव्हतं, घाईत नव्हतं, बाजारातून घरी निघाल्यासारखं.

ओडवारने फटाक्याचं पिस्तूल उडवलं. आवाज झाला, लाल उजेड पडला. अस्वल थांबलं, नाक वर केलं आणि पुन्हा चालू लागलं.

मारित बर्फात गुडघ्यावर बसली आणि तिने रायफल खांद्याला लावली. ओडवारने डाव्या हातात पिस्तूल ठेवून उजव्या हाताने आपली रायफल उचलली. तिला वाटलं, उचल बाबा, तुझ्याने काही होणार नाही. माझ्याने होईल. तीस मीटरवर आलं की बोल्ट ओढून गोळी नळीत घ्यायची, एक श्वास घ्यायचा, चाप ओढायचा. नोकरी गेली तर जाऊ दे, मागे पाच माणसं आहेत.

साठ मीटर. पन्नास. हाउगेनबाई पुटपुटत काहीतरी मोजत होत्या, वर्गातली मुलं मोजावीत तशा.

चाळीस.

ओडवारने दुसरा बार थेट त्याच्या पायापुढे फोडला. अस्वल शिंकलं. खरंच शिंकलं. मग कंटाळा आल्यासारखं वळलं आणि समुद्राच्या बर्फावर डुलत निघून गेलं.

ते दिसेनासं झालं. मग बाई म्हणाल्या, "आता शेजारीण बघा कशी गप्प बसते."

परतीचे चार तास मारितच्या डोक्यात एकच विचार होता. ती काडतुसं परत कशी घालायची? पण ओडवारने रायफल पिशवीत घालून पाठीला अडकवली, ती एकदाही उतरवली नाही.

गावाच्या वेशीवर, पहिल्या घरांच्या अलीकडे, गाड्या थांबल्या. इथे रायफली रिकाम्या करायच्या आणि एकमेकांना उघडून दाखवायच्या, त्याशिवाय गावात शिरायचं नाही. पाहुणे पुढे हॉटेलच्या बसकडे गेले. उरले दोघं.

मारितने ठरवलं, सांगून टाकायचं. तिने खिशातली चार काडतुसं मुठीत घेतली.

ओडवारने झाकण उघडलं. आतून काही पडलं नाही. त्याने बोट घालून बघितलं, मग तिच्या मुठीकडे बघितलं. एकदम दहा वर्षांनी म्हातारा झाल्यासारखा दिसला.

"आता तुझी दाखव," तो म्हणाला.

तिने मूठ तशीच ठेवून दुसऱ्या हाताने आपल्या रायफलचं झाकण उघडलं.

आतून काहीच पडलं नाही.

ती बघतच राहिली, तोवर ओडवारने खिशातून हात काढला, तिची मूठ उघडली आणि त्या चार काडतुसांशेजारी आणखी चार ठेवली.