काकांच्या वेबसाइटचा बाजारभाव

“इतकं देखणं, इतकं नेटकं संकेतस्थळ या शहरात दुसरं नाही,” विरोधी उमेदवाराचे वकील म्हणाले, आणि काकांना आनंदानं रडू कोसळायचंच काय ते बाकी राहिलं. सात महिन्यांत त्यांच्या कामाचं कुणी केलेलं हे पहिलं कौतुक. केलं ते शत्रूनं, आणि तेही काकांच्या उमेदवाराला निवडणुकीतून उठवण्यासाठी. पण भुकेल्यानं ताट कुणी वाढलं ते पाहू नये.

भानगड अशी होती. प्रभागातून सिस्टर उभ्या होत्या. सरकारी दवाखान्यात एकवीस वर्षं नर्स होत्या. दवाखाना बंद करायचं ठरतंय म्हटल्यावर राजीनामा देऊन त्यांनी अर्ज भरला. मागे ना पक्ष, ना पैसा. मागे फक्त काका. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, वय त्रेसष्ट. वाचनालयातून पुस्तक आणून ते वेबसाइट बनवायला शिकले. इंटरनेटवर तिच्यासाठी जी जागा घ्यावी लागते तिचं भाडंही तेच पेन्शनमधून भरत. त्यापायी वरच्या दातांची कवळी लांबणीवर पडली होती.

“बरंच आहे की,” काकू म्हणाल्या होत्या, “लोकांना वेबसाइट दिसेल, तोंड कुठं दिसतंय!”

आता नियम असा, की हौशी माणसानं फुकट केलेलं काम उमेदवाराच्या खर्चात धरत नाहीत. मात्र काम धंदेवाईक दर्जाचं असेल, तर ते फुकट केलेलं असलं तरी बाजारभावानं धरतात. वकिलांच्या तज्ज्ञानं भाव काढला होता दोन लाख चाळीस हजार. तेवढे धरले की सिस्टर खर्चाच्या मर्यादेबाहेर, उमेदवारी रद्द, आणि दवाखान्याला कुलूप.

खर्च तपासणाऱ्या साहेबांनी चष्मा पुसला. “काका, वकील म्हणतात काम उत्तम आहे. तुमचं काय म्हणणं?”

काकांनी सिस्टरांकडे पाहिलं. त्या पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या.

“भिकार आहे साहेब,” काका म्हणाले.

“कशावरून?”

“अक्षरं बघा केवढाली. शोभतात का?”

“म्हाताऱ्यांना चष्म्याशिवाय वाचता यावीत म्हणून आहेत ती!” वकील उसळले.

“फोटो सगळे तिरके आलेत.”

“फोटो सरळ आहेत साहेब, दिव्यांचे खांब वाकलेत! प्रभागातला एकेक वाकलेला खांब या माणसानं पायी हिंडून टिपलाय. दोनशे चौदा खांब. आणि याला हौशी म्हणायचं?”

काकांना वाटलं, उठावं आणि या माणसाला कडकडून मिठी मारावी. त्यानं खांब मोजले होते! घरच्यांनी जे पाहिलं नाही ते काळ्या कोटातल्या या परक्यानं पाहिलं होतं. पण मिठी मारायची सोय नव्हती. काकांनी तोंडावर हात धरला आणि आपल्याच लेकराला चारचौघांत बडवायला घेतलं. रंग भडक. शुद्धलेखनाचा आनंद. तक्रार नोंदवायची सोय म्हणजे निव्वळ देखावा. प्रत्येक वाक्यागणिक वकील तावातावानं लेकराला पाठीशी घालत होते. शेवटी शेवटी साहेबांनी कागद वर करून नक्की कोण कुणाच्या बाजूनं आहे याची खात्री करून घेतली.

एवढं होऊनही साहेबांची मान वकिलांकडेच झुकत होती. काकांनी खाली मान घातली.

“एक शेवटचं, साहेब. सात महिन्यांत ही वेबसाइट एकशे नव्वद वेळा उघडली गेली. त्यातल्या एकशे एक्क्याऐंशी वेळा मीच. बरोबर चालतेय की नाही ते बघायला.”

“आणि बाकीच्या?”

“आठ वेळा वकीलसाहेबांचे तज्ज्ञ. टेलिफोनवाला माणूस आहे मी, पलीकडे कोण आहे ते हुडकल्याशिवाय चैन पडत नाही.”

साहेबांनी बोटांवर हिशेब केला. “एक राहिली.”

“ती सिस्टरांची. पहिल्या दिवशी.”

इतका वेळ काका खोटं बोलले होते, तर वकिलांकडे दर वेळी उत्तर तयार होतं. हे खरं होतं. वकील खाली बसले. साहेबांनी लिहिलं : हौशी काम. किंमत शून्य. तक्रार फेटाळली. मग काकांची सही घेतली, आणि काकांनीही ती आपल्या नेहमीच्या वळणदार अक्षरात केली.

जिन्यात वकिलांनी त्यांना गाठलं. “खांबांचं खोटं बोललात हं काका,” ते हळूच म्हणाले आणि दोन-दोन पायऱ्या ओलांडत निघून गेले.

काका कठडा धरून क्षणभर उभे राहिले. शत्रूला कळलं. मग जिच्यासाठी हे केलं तिला तर कळलंच असणार. ते भराभर खाली आले. सिस्टर फाटकापाशी थांबल्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी काकांचे दोन्ही हात हातात घेतले.

“काका, तुमचे उपकार मी कुठल्या जन्मी फेडू?”

“अहो, त्यात काय एवढं—”

“पण एवढं वाईट झालंय ते आधीच सांगायचंत की हो. मी काही रागावले नसते.”

काकांनी एक हात सोडवून घेतला आणि पुन्हा तोंडावर धरला.

“अजून दहा दिवस हातात आहेत, मर्यादेतही थोडी जागा आहे,” सिस्टर मायेनं म्हणाल्या. “तुमच्या ओळखीत आहे का हो कुणी, ज्याला हे नीट येतं?”