चढती रेघ

"सर, जोर लावू नका," डॉक्टर शर्वरी पुन्हा म्हणाल्या.

कबड्डीचे प्रशिक्षक निवृत्ती मोहिते घामाघूम झाले होते. पाठीच्या ऑपरेशननंतर त्यांची लघवी अडली होती. तेव्हापासून नळी आणि पिशवी सांभाळत ते मैदानाच्या कडेला नुसते बसून असत. आज मूत्राशयाच्या स्नायूची ताकद मोजायची होती. ती नसेल, तर नळी कायमची.

डॉक्टरांनी नेहमीची नळी काढून तपासणीच्या बारीक नळीने मूत्राशय पाण्याने भरलं होतं. स्क्रीनकडे बोट दाखवत त्या म्हणाल्या, "ही उड्या मारतेय ती पोटाच्या दाबाची रेघ. खालची मूत्राशयाच्या स्नायूची. ती हललेलीच नाही."

"आयुष्यभर पोरांना जोर लावायलाच शिकवलं हो!"

"आज अंग सैल सोडा."

डॉक्टरांनी मधला पडदा ओढून घेतला. मोहित्यांनी डोळे मिटले, आवळलेल्या मुठी उघडल्या, खांदे सोडले. बराच वेळ काहीच झालं नाही. मग भांड्यात टपटप सुरू झाली आणि बघता बघता धार लागली.

"सर, रेघ चढतेय!" पडद्यापलीकडून डॉक्टर आनंदाने ओरडल्या. "स्नायू झकास आवळतोय. नळी सुटली तुमची!"

मोहित्यांनी मैदानावरच्या आवाजात बाहेर बसलेल्या बायकोला हाक दिली, "हौसा, झाली गं!"

"अहो, हळू! सगळा दवाखाना ऐकतोय," हौसाबाई दाराशी येऊन लाजत म्हणाल्या.

आणि मागे वळून बाकावरच्या अनोळखी बाईचे दोन्ही हात धरून तितक्याच मोठ्यांदा सांगू लागल्या, "आमच्या ह्यांना लघवी झाली हो!"