‘सापडला’चं बटण

“‘सापडला’चं बटण तुम्हीच बनवलंत ना, सी मुन्सिफ?” जलीलानं अदबीनं ‘सी’ लावून विचारलं.

“अख्खी साइटच एकट्यानं बनवली. फुकटचं काम, सोबतीला कोण येतंय?”

ती हसली नाही. टेबलावरच्या रेकॉर्डरचा लाल दिवा चालू होता. वेबसाइट बनवणाऱ्यांशी गप्पा मारण्याचा तिचा कार्यक्रम स्फाक्स शहराच्या एका रेडिओवर लागायचा. आजवरच्या पाच पाहुण्यांनी दुकानांच्या नाहीतर लग्नाच्या हॉलच्या साइट बनवल्या होत्या. मुन्सिफची साइट होती होडीतून इटलीला निघालेल्या आणि बेपत्ता झालेल्या पोरांची. घरच्यांनी फोटो टाकायचा, अंगावरच्या कपड्यांची खूण लिहायची आणि वाट बघत बसायचं. कुणी तिकडे जिवंत सापडलाच, तर मुन्सिफ ते बटण दाबायचा आणि घरच्यांच्या फोनवर निरोप जायचा. पुढे पोरानं आणि घरच्यांनी एकमेकांना लिहायचं तेही साइटवरूनच.

“कामात सगळ्यात मोठी अडचण कुठली?”

“पोरं सापडत नाहीत, ही. बाकी सगळ्यावर इलाज आहे. यादीत चारशेवर नावं आहेत. बटण दाबलं दहा वेळा.”

“एक विचारू? निरोप लिहिणारा कुठल्या गावात आहे, ते तुम्हाला दिसतं?”

“दिसतं. पण सांगत नाही. बिनकागदाची पोरं असतात, पोलीस उचलतील.”

“सख्ख्या घरच्यांनाही नाही?”

“नाही.”

जलीलानं गार झालेला चहा एका घोटात संपवला. मग नेहमीचा प्रश्न विचारला, “या कामातून काही नवीन शिकलात?”

मुन्सिफनं रेकॉर्डरकडे पाहिलं. तीन वर्षं गिळून बसलेली गोष्ट आज गळ्याशी आली होती. परक्या माणसाला सांगणं त्यातल्या त्यात सोपं.

“ते बंद करा,” तो म्हणाला. “मग सांगतो.”

दिवा विझला.

“आमच्या धंद्यात एक नियम आहे, लल्ला जलीला. शुक्रवारी दुपारनंतर चालू साइटला हात लावायचा नाही. काही बिघडलं तर दोन दिवस निस्तरायला कुणी नसतं. मी लावला. बटण चालतंय का बघायचं होतं. सरावाला वेगळी यादी असते, खोट्या नावांची. मला वाटलं, तीच उघडी आहे. कुठल्या तरी नावावर बटण दाबलं आणि घरी गेलो.”

“आणि?”

“ती यादी खरी होती.”

“नाव कुणाचं?”

“हातिम. मबरूका खालतीचा मुलगा. म्हातारी सगळ्यांची मावशी, म्हणून खालती.”

जलीलानं रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

“लगेच कळवायचं होतं,” ती म्हणाली. “चूक झाली म्हणून.”

“कळलंच सोमवारी. तोवर म्हातारीनं गल्लीभर मकरूदची मिठाई वाटली होती. तिचा निरोप येऊन पडला होता, ‘बाळा, जेवतोस का?’ आता यावर काय लिहायचं, तुम्हीच सांगा.”

“तुम्ही काय लिहिलंत?”

“‘हो, जेवतो.’”

तिथून ते सुरू झालं. एक खोटं लपवायला दुसरं, दुसरं लपवायला तिसरं. हातिमला पालेर्मोत बेकरीत काम लागलं. कागद नाहीत, म्हणून फोन करता येत नाही. त्याची दाढ दुखली, बरी झाली. दर शुक्रवारी खालतीचं उत्तर यायचं आणि मुन्सिफ मेलेल्या पोराच्या नावानं त्याला उत्तर लिहायचा. त्याला स्वतःची शिसारी यायची, तरी तो लिहायचा.

“मेलेल्या?” जलीलानं विचारलं. “ते नक्की?”

“होडी उलटताना बघणारा कोळी मला भेटलाय. कुणी वर आलं नाही.”

ती खिडकीबाहेर बघू लागली.

“आधी ती भांडायची,” मुन्सिफ सांगत होता. “‘परत ये, नाहीतर पाजलेलं दूध माफ करणार नाही,’ म्हणायची. मला ते बरं वाटायचं, अपराध्याला शिव्या बऱ्या. पण गेल्या वर्षभरात एकदाही ये म्हणाली नाही. तिथंच राहा, स्वतःला जप, माझी काळजी करू नको, एवढंच. आणि परवाच्या ईदला लिहिलं, खाऱ्या माशासोबतचा शरमूला केलाय, तुझ्या वाटणीचा बरणीत भरून ठेवलाय. ते वाचून मी ताटावरून उठलो.”

त्यानं लॅपटॉप पुढे ओढला. “आज संपवतो. एकट्याला धीर होत नव्हता.”

त्यानं टाइप केलं : खालती, मी हातिम नाही. हातिम सापडलाच नाही.

जलीलानं त्याच्या मनगटावर हात ठेवला.

“नका पाठवू.”

“खरंय. असलं लिहून कळवू नये. समोर जाऊन सांगतो, मारलं तर मार खातो. घर बाब जबली वेशीपाशीच आहे. तुम्ही चला सोबत, बाईमाणूस असलं की म्हातारीला आधार वाटेल.”

“तिथं ती भेटणार नाही.”

“का?”

“मनुका कमी पडल्या होत्या शरमूल्यात,” जलीला म्हणाली. “तेही लिहिलं होतं ना?”

लिहिलं होतं. मुन्सिफनं ते तिला सांगितलं नव्हतं.

“आई जाऊन सव्वा वर्ष झालं,” ती म्हणाली. “परक्या मुलखात माझा भाऊ एकटा रडत बसेल, म्हणून तिच्या नावानं मीच लिहीत होते.”