इंजिनाचा पट्टा

"राहू दे. मोठा आला की तो बघेल," बाबा खाटेवरून पुन्हा म्हणाले.

मोड्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि खेळण्यातल्या आगगाडीचं इंजिन टेबलावर उताणं ठेवलं. पन्नाशी उलटलेला, पोरीचं लग्न करून मोकळा झालेला माणूस, पण घरात अजून मोड्याच. हे नाव त्याला ह्याच इंजिनापायी मिळालं होतं. लहानपणी एका दुपारी बाबांना न विचारता त्याने ते रुळांवर ठेवलं आणि बटण फिरवलं. आत मोटर घुरघुरली, पण चाकं काही हलेनात. त्याने बटण आणखी फिरवलं. तेवढ्यात दारात बाबा! कानफटात बसली आणि निकाल लागला: कार्ट्याने इंजिन मोडलं. बाबांनी ते खोक्यात घालून माळ्यावर टाकलं, ते परत कधी खाली काढलंच नाही.

नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. कपबशी फुटली, मोड्या. नळ गळायला लागला, मोड्याने हात लावला असेल. दादा इंजिनिअर झाला, परदेशी गेला. ह्यालाही यंत्रांचं वेड होतं, पण "तुझ्या हाताला यश नाही" म्हणून मामाच्या गाद्यांच्या दुकानात त्याची रवानगी झाली. गादीचं काय मोडणार, कपाळ? बरं, लोकांचं सोडा, त्याला स्वतःलाच ते पटलं होतं. पोरगी झाली तेव्हा ती मान धरेपर्यंत त्याने तिला उचललं नाही. बायको चिडायची, "अहो, तुमचीच आहे, घ्या की!" हा आपला हात मागे बांधून लांबूनच बघायचा.

आता दादा येणार होता आणि जाताना इंजिन घेऊन जाणार होता. मोड्याने मनाशी ठरवलं, ते चालतं करून द्यायचं, आणि तेही बाबांच्या डोळ्यांदेखत. एकदाच त्यांच्या तोंडून "जमलं हो तुला" एवढं ऐकायचं. बाकी काही नको.

खेळण्यांच्या दुकानदाराने त्याला नवा रबरी पट्टा दिला होता, वर फुकटची अक्कलही दिली होती. "मोटरीचा जोर चाकांपर्यंत नेतो तो हा पट्टा. जुना एक तर तुकडे होऊन पडला असेल, नाहीतर वितळून डांबरासारखा चिकटला असेल. स्पिरिटने नीट घासून काढा. घाई केलीत तर नवाही जाईल. शहाणे लोक तर गाडी चालवून झाली की पट्टा काढूनच ठेवतात, पावडर लावून. ताणलेलं रबर लवकर मरतं."

मोड्याने वाटीत स्पिरिट ओतलं, कान साफ करायच्या कापसाच्या काड्या मांडल्या आणि इंजिनाच्या पोटाचा स्क्रू सोडवायला घेतला.

"कशाला नसता उद्योग?" बाबा ओरडले. "आणखी मोडून ठेवशील."

"करू द्या हो त्याला," आई दारातून म्हणाली.

टोपण निघालं. मोड्या आत बघतच राहिला. तुकडा नाही, डांबर नाही, साधा काळा डागसुद्धा नाही. पट्टा ज्यांच्यावरून फिरतो ती दोन्ही पितळी चक्रं लख्ख. त्याने काडी स्पिरिटात बुडवून खाचेतून फिरवली. कापूस पांढराचा पांढरा.

मग त्याला एकदम आठवलं. गाडी फिरवून झाली की बाबा इंजिनाच्या पोटातून एक काळं कडं काढायचे, पावडर फासायचे आणि डबीत ठेवायचे. लहानपणी तो दाराआडून बघायचा. ते काय आहे आणि कशासाठी, हे विचारायची कुणाची छाती होती? आज कळलं. त्या दुपारी इंजिनात पट्टाच नव्हता. चाकं हलणार कशी?

त्याने नवा पट्टा चढवला, टोपण बसवलं, इंजिन रुळांवर ठेवलं. बटण जरासं फिरवलं मात्र, इंजिन निघालं. टेबलभर गोल फिरलं, वळणावर किंचित लचकलं आणि पुन्हा पुढे निघालं. मोड्याला हसू आलं आणि रडूही आलं. राग म्हणावा तर नव्हता. बिचाऱ्या बाबांच्या लक्षात राहिलं नसेल, पट्टा आपणच काढून ठेवलाय ते. माणूसच आहे, चुकायचा. आता कळलं की त्यांनाच वाईट वाटेल, उलट आपल्यालाच त्यांची समजूत काढावी लागेल.

तो खाटेपाशी गेला, गुडघ्यांवर बसला.

"बाबा, मी काही मोडलं नव्हतं. त्यात पट्टाच नव्हता. तुम्ही काढून ठेवला होतात आणि विसरलात. जाऊ द्या, होतं असं. तुम्हाला कुठे ठाऊक होतं!"

बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. टेबलावर इंजिन फिरतच होतं. मोड्याने आईकडे बघितलं. ती आत आली, खाटेच्या कडेला टेकली. तिने त्याचा हात हातात घेतला, पण वर काही बघेना.

"त्याच संध्याकाळी सापडला रे तो ह्यांना, डबीत," ती म्हणाली. "पण तोवर सगळ्यांना सांगून झालं होतं."