उणे क्षेत्रफळ

कॅल्क्युलसच्या लॅबमध्ये वक्ररेषेखालचं क्षेत्रफळ पायथन भाषेत प्रोग्रॅम लिहून काढायचं होतं. साऱ्या वर्गाचं उत्तर उणे बारा आलं, एकट्या एका मुलीचं अधिक बारा.

"कुठून ढापलास प्रोग्रॅम?" सर कडाडले.

"मीच लिहिलाय, सर. क्षेत्रफळ उणे कसं असेल?"

"म्हणजे अख्खा वर्ग मूर्ख आणि तू तेवढी शहाणी? जर्नलवर सही देणार नाही. सहीशिवाय परीक्षेला कशी बसतेस, बघतोच."

तिनं दातओठ खात आपला प्रोग्रॅम पुसला आणि शेजारणीचा जसाच्या तसा उतरवला, पहिल्या ओळीतल्या कुणा सीनियरच्या नावासकट. उत्तर उणे बारा आलं.

सरांनी सही ठोकली. "बघ, स्वतःचं डोकं चालवलं की जमतं."